अ‍ॅपला परवानगी: 'हो' आणि 'नाही'च्या मधलं काही मिळेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

दिवाळीत कराडला गेले होते. आईचा गुडघा पावसाळ्यापासून धरलाय, ती फिजिओथेरपीला जाते तिथे सांगितलं की आता व्यायामाचे कागद देत नाही, आमचं अ‍ॅप टाकून घ्या, त्यात व्हिडिओ येतात, रोज केलं की टिक करायचं. म्हटलं बरंच आहे. आईच्या फोनवर टाकलं तर उघडल्या उघडल्या एकामागून एक चौकटी. लोकेशन, नाही म्हटलं, पुढे गेलं. फोटो, नाही म्हटलं, पुढे गेलं. कॉन्टॅक्टला नाही म्हटलं तर एक पान आलं, पुढे जायला परवानगी द्यावीच लागेल, आणि खाली एकच बटण. ते दाबलं की सेटिंगमध्ये, मागे आलं की परत तेच पान. दहा मिनिटं मी त्यातच गोल गोल फिरत होते आणि आई शेजारी पाय लांब करून बसलेली.

ती म्हणाली, "अगं दे की, माझ्या फोनात चोरण्यासारखं आहेच काय?"

मग मी तिच्याच समोर तिची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडली. चारशे बारा नंबर. दूधवाला नवा. सुमन वन्सं मिरज. भिशीतल्या सगळ्या बायका. डॉक्टरांच्या घरचा नंबर, जो त्यांनी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी खास विश्वासाने दिला होता. आणि 'एटीएम बाबा' या नावाखाली नुसते चार आकडे. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. आधी ते खोडलं, मग बोलू म्हटलं.

गुडघ्याच्या व्यायामाला भिशीतल्या बायकांचे नंबर कशाला लागतात? आणि आई 'हो' म्हणाली तरी ते नंबर आईचे नाहीत हो, त्या बायकांचे आहेत. त्यांना कोणी विचारलं?

माझं म्हणणं एवढंच आहे की 'नाही' म्हणायचा हक्क तेव्हाच खरा जेव्हा नाही म्हटल्यावरही अ‍ॅप चालतं. नाहीतर ती परवानगी नव्हे, अडवणूक आहे. मला हवंय ते असं की अ‍ॅपला म्हणायचं घे बाबा कॉन्टॅक्ट, पण रिकामी वही द्यायची, नाहीतर त्यातले मी निवडलेले दोन नंबर. असं काही करता येतं का? कोणी केलंय का? आईचा फोन सॅमसंगचा आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेला.

---

रानवारा

+१. आमच्या सोसायटीत गेटवर पाहुण्यांची नोंद करायचं अ‍ॅप आहे, त्याला मायक्रोफोन हवा असतो. कमिटीला विचारलं तर म्हणे सगळ्यांनी दिलंय, तुम्हालाच काय अडचण. धागा वाचत राहीन.

---

अँड्रॉइडवाला

ताई, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. मी गेली नऊ वर्षं पुण्यात हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पर्यंत, म्हणजे ६.० येईपर्यंत, सगळा एकगठ्ठा मामला होता. इन्स्टॉल करताना भलीमोठी यादी दाखवायचे, मान्य असेल तर अ‍ॅप घ्या, नसेल तर सोडा. ६.० पासून वापरताना विचारायला लागले आणि दिलेली परवानगी नंतर काढताही यायला लागली. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये लोकेशनला 'फक्त अ‍ॅप वापरताना' असा मधला पर्याय आला. ११ मध्ये 'फक्त या वेळेपुरतं' आलं आणि महिनोन्महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेणंही आलं. १२ मध्ये नेमकं ठिकाण न देता साधारण परिसर द्यायचा पर्याय, शिवाय कॅमेरा किंवा माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण. १३ मध्ये नोटिफिकेशन पाठवायलाही विचारणं सक्तीचं झालं, आणि १४ मध्ये सगळी गॅलरी न देता निवडक फोटो द्यायची सोय.

म्हणजे लोकेशनला मधला पर्याय मिळाला, फोटोला मिळाला, आणि कॉन्टॅक्टचं घोडं मात्र वर्षानुवर्षं तिथेच अडलेलं. साध्या अँड्रॉइड फोनवर ही परवानगी अख्खी वही देणारीच राहिली.

आता आतली गोष्ट. बऱ्याचदा ती परवानगी अ‍ॅप बनवणाऱ्याला नकोच असते. आम्ही जाहिरातीसाठी, चॅटसाठी, आकडेवारीसाठी बाहेरचे तयार एसडीके, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे, जोडतो, त्या प्रत्येकाची स्वतःची परवानग्यांची यादी असते आणि अ‍ॅप बांधताना ती आमच्या यादीत आपोआप मिसळते. आमच्या एका अ‍ॅपमध्ये अशी एक परवानगी सात महिने पडून होती, टीममध्ये कोणालाच माहीत नाही ती कुठून आली. एका नव्या मुलीने शेवटची बांधलेली यादी उघडून ओळ न ओळ वाचली तेव्हा सापडली. काढायला एक ओळ लागते, पण काढायची तर आधी कोणीतरी वाचायला हवी ना.

दुसरं, कितीतरी परवानग्या मुळात मागायची गरजच नसते. ओटीपी आपोआप भरायला अ‍ॅप सगळे एसएमएस वाचायला मागतात बघा, ते खोटं कारण आहे. ओटीपीच्या मेसेजच्या शेवटी कधी कधी ११ अक्षरांची अर्थ नसलेली जुडगी दिसते ना? ती त्या अ‍ॅपची खूण असते. त्या खुणेचा मेसेज आला की फोन तेवढा एकच मेसेज त्या अ‍ॅपच्या हातात देतो, बाकी इनबॉक्सला हात लागत नाही, परवानगीचा प्रश्नच नाही. तसंच एखादा नंबर निवडायचा असेल तर फोनची स्वतःची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडून तुम्ही निवडाल तेवढाच अ‍ॅपला मिळतो, हे तर फार वर्षांपासून आहे. फोटोचं पण तसंच. एवढं हाताशी असून जे अ‍ॅप अख्खी वही मागतं ते एकतर आळसाने मागतं नाहीतर मुद्दाम.

यूपीआयचं मात्र वेगळं, तिथे नोंदणीच्या वेळी तुमच्याच सिममधून एक एसएमएस जावा लागतो, त्यावरून नंबर आणि फोन यांची गाठ बांधतात. ती मागणी रास्त आहे.

---

निवृत्त_एसटी

माहिती उत्तम. मला एक विचारायचे आहे. माझे साखर मोजायचे यंत्र ब्लूटूथने फोनला जोडते. त्याचे अ‍ॅप लोकेशन मागते. मी कुठे आहे याचा आणि साखरेचा संबंध काय? मुलाला विचारले तर म्हणतो बाबा देऊन टाका. मला देऊन टाकायचे नाही, समजून घ्यायचे आहे.

---

अँड्रॉइडवाला

काका, प्रश्न एकदम योग्य आहे. आजूबाजूला कुठली ब्लूटूथ यंत्रं आहेत हे कळलं की त्यावरून माणूस कुठे आहे हे ताडता येतं, मॉलमध्ये, स्टेशनवर अशी यंत्रं लावलेली असतात. म्हणून अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत नियम असा होता की ब्लूटूथने शोधायचं तर लोकेशनची परवानगी घ्या. हेतू चांगला होता पण झालं उलटंच, साखरेच्या यंत्राला, हातातल्या पट्ट्याला, सगळ्यांना लोकेशन द्यायची लोकांना सवय लागली. अँड्रॉइड १२ मध्ये 'जवळची उपकरणं' ही वेगळी परवानगी काढली. तुमचा फोन १२ किंवा त्यापुढचा असेल आणि अ‍ॅपही अपडेट केलेलं असेल तर लोकेशन बंद करून नुसती ती ठेवून बघा. सेटिंगमध्ये फोनबद्दल माहिती असते तिथे अँड्रॉइडचा आकडा दिसेल. फोन जुना असेल तर 'फक्त अ‍ॅप वापरताना' हे निवडा, कायमचं देऊ नका.

---

रूटवाला

ताईंना हवीय ती रिकामी वही आपल्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी होती हो, याचंच वाईट वाटतं.

२०१३ ची गोष्ट. अँड्रॉइड ४.३ मध्ये अ‍ॅप ऑप्स नावाचं एक लपलेलं पान होतं, प्रत्येक अ‍ॅपपुढे लोकेशन, कॉन्टॅक्ट वगैरेची वेगवेगळी बटणं. त्याच डिसेंबरात ४.४.२ आलं आणि ते पान गायब. गूगलचं म्हणणं की ते चुकून बाहेर गेलं होतं. खूप ओरड झाली. आणि इकडे सायनोजेनमॉड (हौशी मंडळींनी बनवलेलं अँड्रॉइडचं बदललेलं रूप) टाकलेल्या फोनवर प्रायव्हसी गार्ड होतं, ते काय करायचं तर अ‍ॅपला नाही म्हणायचंच नाही, कॉन्टॅक्ट मागितले की रिकामी यादी पुढे करायची. अ‍ॅपला वाटायचं या माणसाला कोणी मित्रच नाहीत, आणि गपचूप चालायचं. एक्सप्रायव्हसी तर त्याच्याही पुढे, खोटं ठिकाण, खोटा फोन आयडी, सगळं अ‍ॅपवार. मी सांगलीत हॉस्टेलच्या खोलीत रात्र रात्र जागून सगळ्या मित्रांच्या फोनवर ते बसवून दिलंय, दोन फोन बंद पडले ते परत चालू करण्यात एक रविवार गेला.

आता रूट केलं, म्हणजे फोनच्या आतल्या कुलपांची किल्ली स्वतःकडे घेतली, की बँकेची अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे सोडून दिलं. पण मला ठाम वाटतं की ते काम हौशी पोरांनी रात्री जागून करायचं नव्हतंच, ते फोनमध्येच असायला पाहिजे.

इंटरनेटचा मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला इंटरनेट वापरायची परवानगी इन्स्टॉल करतानाच मिळते, तुम्हाला विचारत पण नाहीत. कॅल्क्युलेटर, टॉर्च, पंचांग, यांना नेट कशाला? अमेरिकेत २०१३ मध्येच एफटीसी या ग्राहकांच्या बाजूने बघणाऱ्या सरकारी संस्थेने एका टॉर्चच्या अ‍ॅपला धरलं होतं, लोकांची ठिकाणं जाहिरातवाल्यांना देत होतं म्हणून. नेट तोडलं की अ‍ॅपने काहीही वाचलं तरी बाहेर न्यायला रस्ता नाही. रूट न करता हे करायचं तर नेटगार्ड आहे, ते फोनच्या आतल्या आत व्हीपीएन, म्हणजे नेटची सगळी ये-जा ज्यातून जाते असा बोगदा, बनवून त्यातून अ‍ॅपवार नेट अडवतं. त्रास एवढाच की अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं, ऑफिसचं व्हीपीएन लागत असेल तर हे बंद करावं लागतं.

---

नाखवा

मी सहसा लिहीत नाही पण 'ते नंबर त्या बायकांचे आहेत' हे वाक्य वाचून राहवलं नाही.

आमच्या वाडीतला एक मुलगा, नाव सांगत नाही, बोटीच्या इंजिनाचं काम निघालं म्हणून मोबाइलवरच्या एका कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पाच हजार घेतले. हातात आले तीन हजार आणि काही. आठवड्यात परत मागायला लागले. त्याला जमलं नाही तर त्याच्या फोनातल्या नंबरांवर मेसेज सुरू झाले. माझ्या बहिणीला आला, ती त्याच्या शाळेतली बाई, तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तिने कुठलंही अ‍ॅप टाकलेलं नाही, कुठे 'हो' म्हटलेलं नाही. तिच्या नंबरवर त्याचा फोटो आणि खाली चोर असं लिहिलेलं. वाडीतल्या निम्म्या घरात तो फोटो गेला. तो मुलगा चार दिवस घरातून बाहेर पडला नाही, त्याची आई आमच्या ओटीवर येऊन बसायची आणि काही बोलायची नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून पोलिसात तक्रार दिली, तो आता ठीक आहे, बोटीवर जातो. पण परवानगी मागायची ती चौकट एका सेकंदात दाबली जाते आणि त्यात दुसऱ्याची अब्रू जाते हे डोळ्यांनी बघितलंय.

नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरात नियम काढलाय, कर्जाच्या अ‍ॅपने फोनातले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच, तेही स्पष्ट विचारून. आणि २०२३ मध्ये प्ले स्टोअरनेही कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटो मागायला बंदी केली. म्हणजे ठरवलं की करता येतं की. मग ते फक्त कर्जाच्या अ‍ॅपलाच का?

कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागतंय म्हणजे तिथेच थांबा, पुढे जाऊच नका. आणि मेसेजमधून आलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारी फाइल, तर मुळीच टाकू नका.

---

कृष्णाकाठ

नाखवा दादा, वाचून सुन्न झाले. बहिणीला आणि त्या मुलाच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

कोर्टाची_पायरी

कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण कृष्णाकाठ ताईंची केस जवळपास जशीच्या तशी कायद्यात छापलेली आहे हे फार लोकांना माहीत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यातलं सहावं कलम संमतीचं. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. त्या कलमाखाली जे उदाहरण दिलंय ते बघा. एक बाई ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याचं अ‍ॅप घेते, अ‍ॅप उपचारासाठी माहिती मागतं आणि फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही, म्हणून तिची संमती फक्त सल्ल्यापुरती धरायची. बटण दाबलं तरीसुद्धा! तुमच्या आईचा गुडघा आणि हे उदाहरण यात मला तर फरक दिसत नाही.

शिवाय संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून दीड वर्षाची मुदत आहे, तेव्हा लगेच उद्या जाऊन दंड करवता येईल असं नाही. या सगळ्याची मुळं सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आहेत, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं.

आणखी एक. यूपीआयवाले लोकेशनसाठी हटून बसतात अशी तक्रार ऐकते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनेच २०२२ मध्ये कळवलंय की लोकेशनची संमती ग्राहकाला काढून घेता आली पाहिजे आणि काढली तरी सेवा चालू राहिली पाहिजे. अडवलं तर त्यांच्या ग्राहक सेवेला हेच लेखी लिहा, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

---

ओझरची_लेक

मी थोडी वेगळी बाजू मांडते, रागावू नका.

मी बचत गटातल्या बायकांना मोबाइल शिकवते, आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात. पंधरा-वीस जणी असतात. परवानगीची चौकट आली की काय होतं ते मी समोर बसून बघते. अंगठा आधीच त्या बटणावर गेलेला असतो, वाचायच्या आत. कारण त्यांना ती चौकट म्हणजे दारातला उंबरा वाटते, ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. तुम्ही म्हणताय एका प्रश्नाच्या जागी चार पर्याय द्या, रिकामी वही, अर्धी वही, आजच्यापुरती वही. माझ्या बायका चारांतलं सगळ्यात वरचं दाबतील. गेल्या महिन्यात एकीने मला विचारलं, "मॅडम, 'नाही' दाबलं तर फोन बिघडतो का?" ती खरंच घाबरली होती.

त्यामुळे मला वाटतं जास्त बारीक बटणं हे शिकलेल्यांच्या सोयीचं होईल आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते तसेच राहतील. नियम करून मागायलाच बंदी घाला, नाखवांनी लिहिलं तसं.

---

रूटवाला

ताई, मुद्दा पटतो. पण बंदी घालायला प्रत्येक धंद्याची रिझर्व्ह बँक कुठून आणायची? व्यायामाचं अ‍ॅप, पंचांगाचं, कीर्तनाचं, यांना कोण विचारणार?

---

म्युनिककर

मी आयफोनवर आहे, तिकडची स्थिती सांगतो कारण ओझरच्या ताईंच्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ मध्ये कॉन्टॅक्टचा मधला पर्याय आला. अ‍ॅपने मागितलं की सगळे द्यायचे की निवडून द्यायचे असं विचारतात, निवडून म्हटलं की तुमची यादी समोर येते आणि खुणा करायच्या. अ‍ॅपला तेवढेच दिसतात. फोटोचं असंच २०२० पासून आहे. आणि २०२१ मध्ये १४.५ पासून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तुमचा माग काढायचा तर आधी विचारायचं, आणि तिथे महत्त्वाचं हे की नाही म्हटलं म्हणून अ‍ॅपने अडवायचं नाही हा अ‍ॅपलचा नियम आहे. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बटण किती बारीक आहे यापेक्षा 'नाही' म्हटल्यावर काय होतं यावर सगळं ठरतं.

माझ्या आईला, ती डोंबिवलीला असते, मी दोन वर्षांपूर्वी जुना आयफोन दिला. तिला मी एकच शिकवलं, प्रश्न आला की नाही म्हण, काही बंद पडलं तर मला फोन कर. एवढ्या काळात तिचे तीन फोन आले. तीन!

---

ओझरची_लेक

हे आवडलं. आधी नाही, मग गरज पडली तर हो. पुढच्या बैठकीत हेच सांगून बघते. पण कृष्णाकाठ ताईंच्या अ‍ॅपसारखं तिथेच अडलं तर माझ्या बायका अ‍ॅप काढत नाहीत हो, त्या 'हो' म्हणतात, कारण अंगणवाडीचं काम किंवा गटाचा हप्ता त्यात असतो. अ‍ॅप नको म्हणायची चैन त्यांना नाही.

---

सह्याद्रीवेडा

रूटवाला म्हणाले तसं फोनमध्येच असलेलं बघायचं असेल तर ग्राफीनओएस बघा, फोनवर नेहमीच्या अँड्रॉइडच्या जागी टाकायचं त्याचंच खासगीपणा जपणारं रूप. मी दीड वर्ष वापरतोय. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट मागितले की कॉन्टॅक्ट स्कोप्स चालू करतो, अ‍ॅपला वाटतं परवानगी मिळाली, दिसतं मात्र काहीच नाही, हवे तर मी दोन नंबर आत टाकतो. फाइलींचंही तसंच. इंटरनेटची परवानगी तर सरळ एक बटण आहे, इन्स्टॉल करतानाच विचारतात. आणि सेन्सरची. सेन्सरबद्दल कोणी बोलत नाही, फोन कसा हलतोय हे साध्या अँड्रॉइडवर अ‍ॅपला न विचारता वाचता येतं, हलण्यावरून तुम्ही चालताय का, गाडीत आहात का, बरंच काही कळतं.

अडचण खरी सांगतो. हे गूगलच्या पिक्सेल फोनवर चालतं, ते महाग. आणि काही बँकांची अ‍ॅप उघडतच नाहीत, माझ्या बँकेचं उघडत नाही, त्यासाठी मी ब्राउझर वापरतो. आईला हे देणार नाही. पण यावरून एवढं तर सिद्ध होतं की रिकामी वही देणं अशक्य नाहीये. मोजकी मंडळी करू शकतात तर एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय अवघड होतं?

ताई, तुमच्या आईच्या सॅमसंगवर सिक्युअर फोल्डर आहे का बघा. काही स्वस्त मॉडेलमध्ये नसतं पण असेल तर तुमचं काम होईल. ते म्हणजे फोनच्या आत दुसरा फोन धरा, त्याची कॉन्टॅक्ट लिस्ट वेगळी आणि रिकामी असते. व्यायामाचं अ‍ॅप बाहेरून काढून टाका, सिक्युअर फोल्डरच्या आत नव्याने टाका आणि आत मागेल ते कॉन्टॅक्ट देऊन टाका. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर शेल्टर नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ते कामाचं वेगळं प्रोफाइल बनवतं, तिथेही अ‍ॅपला बाहेरची वही दिसत नाही.

---

निवृत्त_एसटी

माझ्या फोनवर अँड्रॉइड १३ आहे. आता अ‍ॅप अपडेट करतो. सकाळी उपाशीपोटी मोजून कळवतो.

---

अँड्रॉइडवाला

सह्याद्रीवेडा, सिक्युअर फोल्डरचं छान आठवलंत, मी मोठमोठ्या गोष्टी लिहीत बसलो आणि ताईंना आज काय करता येईल ते राहिलंच.

ओझरच्या ताईंचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. मला वाटतं फोनने विचारायचंच कमी करावं. अ‍ॅपला कॉन्टॅक्ट हवेत? फोनने आपणहून रिकामी वही द्यावी, काही न विचारता. वापरणाऱ्याला खरंच गरज लागली तर त्याने स्वतः जाऊन नंबर आत टाकावा. अंगठा आधीच बटणावर गेलेल्या बाईलाही मग काही धोका नाही, कारण तिच्यापुढे बटणच आलं नाही. आम्हा डेव्हलपरांचं काय, चार ओळी बदलाव्या लागतील, यादी रिकामी आली तर काय दाखवायचं एवढंच.

आमच्या ऑफिसात सोमवारी मी आमच्याच अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या छापून भिंतीवर लावतोय, प्रत्येकीपुढे कोणी का मागितली ते लिहायचं. ज्या ओळीपुढे नाव येणार नाही ती काढायची. इथे लिहिलं म्हणजे मला ते करावंच लागेल.

---

कृष्णाकाठ

मंडळी, झालं!

आईच्या फोनवर सिक्युअर फोल्डर निघालं. फोनवरून तिला सांगत सांगत करवून घेतलं, पाऊण तास लागला, मध्ये दोनदा कुकरच्या शिट्ट्या. अ‍ॅप आत टाकलं, त्याने कॉन्टॅक्ट मागितले, आईने घाबरत घाबरत 'हो' दाबलं आणि ते अडवणारं पान आलंच नाही. पुढे काय आलं माहितीये? 'तुमच्या ओळखीच्यांना बोलवा' असं पान, खाली यादी, आणि यादीत कोणीच नाही. म्हणजे एवढ्यासाठी. चारशे बारा लोकांना जाहिरात पाठवायची म्हणून माझ्या आईचा व्यायाम अडवून धरला होता. मला इतका संताप आला की मी थोडा वेळ बोलूच शकले नाही.

मग क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी चांगली होती, तिलाच माहीत नव्हतं अ‍ॅप काय काय मागतं, ते दुसऱ्या कोणाकडून विकत घेतलंय म्हणाली. तिने स्वतःचा फोन उघडून बघितला आणि म्हणाली, "अय्या, माझं पण दिलेलंय." मी त्यांना मेल लिहिलाय, कोर्टाची_पायरी ताईंनी सांगितलेलं सहावं कलम आणि ते उदाहरण मराठीत घालून, आणि विनंती केलीय की ज्यांना अ‍ॅप नको त्यांना व्यायामाचे कागद परत सुरू करा. उत्तर आलं की इथे टाकते. ज्यांना तसा मेल लिहायचाय त्यांनी मला निरोप करा, मी मसुदा पाठवेन.

आई आता विचारतेय की भिशीतल्या बायकांच्या फोनवर पण हे करून देशील का. येत्या शनिवारी जातेय कराडला.

---

निवृत्त_एसटी

लोकेशन बंद केले. 'जवळची उपकरणं' एवढीच चालू ठेवली. यंत्र पहिल्या वेळी जोडले नाही, ब्लूटूथ बंद करून परत चालू केले तेव्हा जोडले. उपाशीपोटी १४२. अँड्रॉइडवाला, आभारी आहे. साखरेचे मी बघतो.